विचारा तर खरं : नाजूक चेहरा आणि सीरमच्या बाटल्या

'नाजूक त्वचा' हा विषय जाहीर केला आणि पत्रांचा ढीग पडला. गावं वेगळी, वयं वेगळी, पण बऱ्याच पत्रांची गोष्ट एकच: मोबाईलवर पाहिलं, मागवलं, लावलं आणि चेहरा भाजला. 'नाव छापू नका' असंही बहुतेकांनी लिहिलंय, म्हणून खाली फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : माझं वय २१. चेहरा पहिल्यापासून नाजूक, साबण बदलला तरी लाल होतो. मैत्रिणीचं पाहून मी १० टक्क्यांचं नियासिनामाइड, ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर आणि रेटिनॉल असं तिन्ही एकदम मागवलं. पाचव्या दिवशी गाल लालबुंद झाले, नाकाच्या बाजूला पोपडे आले. आता साधं पाणी लागलं तरी झोंबतं. बाटल्या फेकून देऊ का? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : फेकू नका, झाकणं घट्ट लावून कपाटात ठेवा. तिन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या आहेत. चूक झाली ती तिन्ही एका आठवड्यात लावण्याची. आता कशाने भाजलं हेही कळायला मार्ग नाही.

अंगणाचं सारवण आठवा. सारवण नीट असेल तर पाणी वरून निघून जातं. पोपडे उखडले की तेच पाणी थेट आत मुरतं आणि चिखल होतो. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या फटी बुजवणारी चरबी असते, ते हे सारवण. ग्लायकोलिक ॲसिड त्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं, रेटिनॉल पेशी लवकर बदलायला लावतं. दोन्ही एकदम सुरू झाली की जुना थर निघतो आणि नवा तयार झालेला नसतो. त्या उघड्या जागेत नेहमीचं पाणीही झोंबतं. त्यात ग्लायकोलिकचा रेणू या जातीच्या ॲसिडांमध्ये सर्वांत लहान, म्हणून तो सर्वांत चटकन आत शिरतो.

म्हणून आधी सारवण. पुढचे ३ ते ४ आठवडे सकाळी चेहऱ्याला नुसतं पाणी, फेसवॉश फक्त रात्री एकदा, तोही बिनवासाचा आणि कमी फेसाचा. अंगाचा साबण नको. साध्या साबणाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ९-१० असतो आणि त्वचेचा साधारण ५. चेहरा टॉवेलने टिपून घ्या, ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरामाइड (त्वचेतल्याच चरबीचा एक प्रकार) असलेलं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. नाकाच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. बेसन, हळद, मुलतानी माती, गुलाबपाणी हे सगळं बंद. 'घरगुती आहे, काय होतं' हा युक्तिवाद भाजलेल्या त्वचेला कळत नाही.

पाणी, घाम, मॉइश्चरायझर यांपैकी काहीही झोंबलं नाही असे सलग १४ दिवस गेले, की पुढचं पाऊल. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून घाई केली तर पुन्हा इथेच याल. पोपड्यांखालून पाणी सुटायला लागलं किंवा सूज आली, तर मात्र दिवस न मोजता डॉक्टर गाठा.

सुरुवात नियासिनामाइडने (हे व्हिटॅमिन बी३चं एक रूप) करा, कारण तिघांत तेच सगळ्यात सोशिक. पण नाजूक त्वचेला २ ते ५ टक्के पुरतं. १० टक्क्यांचा फायदा दुप्पट होत नाही, टोचणं मात्र वाढतं. आधी चाचणी : कानामागे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सलग ७ दिवस. एकदा लावून दुसऱ्या दिवशी पाहायचं ही चाचणी नव्हे, ॲलर्जी वर यायला कित्येकदा तीन-चार दिवस लागतात. खाज, बारीक पुरळ, लाल चकंदळ यांतलं काहीच आलं नाही, तर चेहऱ्यावर. तुमच्या बाटलीतले दोन थेंब हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढ्या मॉइश्चरायझरमध्ये तळहातावर कालवा आणि रात्री लावा. पहिले दोन आठवडे सोमवार आणि गुरुवार, पुढचे दोन आठवडे एकाआड एक रात्र, मग रोज. हे कालवणं फक्त नियासिनामाइडसाठी. ॲसिडं आणि व्हिटॅमिन सी ठरावीक पीएचवर बांधलेली असतात, त्यांत भेसळ केली की गणित बिघडतं.

सहा आठवडे हे निभलं की रेटिनॉलची चाचणी, तशीच कानामागे, फक्त रात्री एकदा. बाटलीवर ०.१ ते ०.३ टक्के लिहिलेलं असावं. १ टक्का असेल तर ती बाटली तुमच्यासाठी नाही. लावण्याची पद्धत अशी : चेहरा धुवा आणि १५-२० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेतून रेटिनॉल जास्त शिरतं. मग मॉइश्चरायझरचा एक पातळ थर. त्यावर सगळ्या चेहऱ्याला मिळून हरभऱ्याच्या एका दाण्याएवढं रेटिनॉल : कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके ठेवून पसरवायचं. डागावर जास्त, बाकी कमी असं नाही. वरून पुन्हा मॉइश्चरायझर. पापण्या, नाकाच्या खाचा, ओठांचे कोपरे सोडायचे. आठवड्यातून दोन रात्री, असा पूर्ण महिना. जमलं तर तीन रात्री. तीनवर कायमचं थांबलात तरी बिघडत नाही.

मध्ये थोडे मुरूम आले तर ओळखायचं कसं? नेहमीच्याच जागी बारीक मुरूम येऊन चार-सहा आठवड्यांत ओसरले, तर ते आतले मुरूम वर येणं. पण नव्या जागी खाज आली, जळजळ दिवसभर राहिली, त्वचा ताणलेल्या कागदासारखी चमकू लागली, तर तो त्रास आहे. दोन आठवडे थांबा आणि आधीच्या पायरीवर या. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे धरा. घरात लग्न ठरलं असेल तर लग्नाच्या महिनाभर आधी नवीन काहीही सुरू करू नका.

ग्लायकोलिकचा टोनर? चेहऱ्याला यंदा तरी नको. त्याच बाटलीने काळवंडलेली कोपरं आणि खरखरीत टाचा आठवड्यातून दोनदा पुसा, पैसे वसूल होतील. वर्षभराने ॲसिड हवंच वाटलं, तर ५ टक्के लॅक्टिक किंवा मँडेलिक घ्या. त्यांचे रेणू मोठे, सावकाश शिरतात. आणि ज्या रात्री रेटिनॉल, त्या रात्री ॲसिड नाही.

प्रश्न : ताई, मी वावरात कापूस वेचाले जाते. दोन्ही गालावर वांग आलं. मेडिकलवाल्यानं एक नळी देल्ली. चार दिवसात चेहरा उजळला, पन आता लावनं सोडलं का आग होते अन् बारीक फोड येतात. सहा महिने झाले लावून राह्यली. पोरगी म्हनते विटामिन सी लाव. मले काई समजत नाई. (घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : बाई, पोरीचं व्हिटॅमिन सी जरा बाजूला ठेवा, आधी ती नळी हातात घ्या आणि बारीक अक्षरातली नावं तिच्याकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव असेल तर ती स्टेरॉइडची नळी आहे. बऱ्याचदा सोबत हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध) आणि ट्रेटिनॉइन (रेटिनॉलचं जोरदार भावंड) असतं. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चार दिवसांत चेहरा उजळ दिसतो. महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, वाहिन्यांना त्याची सवय लागते, आणि थांबवलं की त्या उसळून फुलतात. तुमची आग आणि फोड ते हेच. दुकानदाराने ही नळी चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको होती. २०१८ पासून अशा बहुतेक मलमांना डॉक्टरची चिठ्ठी कायद्याने लागते.

एकदम सोडू नका आणि लावतही राहू नका. नळी सोबत घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा. यवतमाळ, अकोला, नागपूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. नळी हळूहळू कशी बंद करायची ते तिथे ठरवून देतील. 'सहा महिने रोज लावलं' हे लपवू नका, सगळा उपचार त्यावरच ठरतो. तोवर वरच्या उत्तरातलं सारवणच : मॉइश्चरायझर आणि झिंकचं सनस्क्रीन. आग बंद होऊन निदान दोन-तीन महिने जाईपर्यंत कोणतंही ॲसिड, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी नको.

त्यानंतर वांगासाठी नाजूक त्वचेला सगळ्यात भरवशाचं म्हणजे अझेलेइक ॲसिड. हे आठवड्यातून तीन रात्री १० टक्क्यांपासून सुरू करतात. १५ आणि २० टक्क्यांचंही मिळतं, पण तिथे पोचायला दोन-तीन महिने लागू द्या, तेही डॉक्टरला विचारून. मॉइश्चरायझर आधी, अझेलेइक वरून. पहिले काही दिवस मुंग्या चावल्यासारखं होतं, १०-१५ मिनिटांत थांबतं. तासभर थांबलंच नाही, तर धुऊन टाका आणि पुढच्या वेळी लावून अर्ध्या तासाने धुवायचं असं करा. आठवड्याला वेळ वाढवत न्या. डाग फिका पडायला तीन ते सहा महिने जातात.

पण वेचणीचं ऊन अंगावर घेत असाल तर कोणतंच मलम वांगाला पुरणार नाही. तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनच्या दोन रेघा काढा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. घरून निघण्याच्या १५ मिनिटं आधी लावा आणि न्याहारी-जेवणाच्या सुट्टीत घाम टिपून पुन्हा. एसपीएफ ३० पुरे. त्यातही विटकरी रंगाची झाक असलेलं मिळालं तर तेच घ्या. ती झाक लोह ऑक्साइडची असते. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतं आणि पांढरं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. डोक्यावर कपाळापुढे येणारी टोपी, खाली सुती दुपट्टा. सिंथेटिक स्कार्फ करकचून बांधला की घाम साचतो, गाल घासले जातात आणि डाग गडद होतो. चुलीपुढे बसतानाही तोंड जरा लांब ठेवा, आचेनेही वांग वाढतं. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगा, त्यांनीही वांग येतं.

व्हिटॅमिन सीबद्दल पोरीसाठी दोन ओळी. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडची बाटली ऊन, हवा आणि उष्णतेने सडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात बाटली कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापली की घरी पोचते तीच पिवळी होऊन. फिकट पिवळं चालेल, चहासारखं तपकिरी झालं की टाकून द्या. उन्हाळ्यात मागवूच नका. फ्रीज नसेल तर स्टीलच्या डब्यात घालून माठाजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. आणि हे सीरम बरंच आंबट असतं, त्यामुळे नाजूक चेहऱ्याला त्याऐवजी सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट सोसतं.

प्रश्न : आमच्याकडे पाणी खारं. फेसवॉशला फेस येत नाही, चेहरा धुतल्यावर पांढरट आणि ओढल्यासारखा वाटतो. कोणतंही सीरम लावलं की चुरचुरतं. सीरम वाईट की त्वचा? (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : पाणी. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहीर-बोअरचं पाणी क्षारांनी जड असतं. क्षार आणि साबण मिळून चिकट साका तयार होतो, तो पाण्याने निघत नाही आणि त्वचेवर बसून राहतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण चोळतो, मग साका आणखी. त्यावर सीरम चुरचुरणारच.

उपाय स्वस्त आहे. साबणाऐवजी साबणविरहित क्लिन्झर घ्या, त्याचा साका होत नाही. नेहमीच्या पाण्याने धुतल्यावर शेवटी पिण्याच्या गोड्या पाण्याचा एक तांब्या चेहऱ्यावरून सोडा. टिपा आणि लगेच मॉइश्चरायझर. हे तीन आठवडे करून पाहा, मग सीरम. तेच सीरम तेव्हा चुरचुरत नसेल तर उत्तर मिळालं.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा कास्तकार. तीन वर्षांपासून पोळ्याच्या सुमारास चेहरा, मान आणि कोपराच्या खोबणी खाजून लाल होतात, दिवाळीनंतर कमी होतं. यंदा मुलीने 'सेन्सिटिव्ह त्वचेसाठी' म्हणून कॅलेंड्युलाची क्रीम आणि एक सीरम आणून दिलं. क्रीमने जास्तच भडकलं. नाजूक त्वचेला याहून सौम्य काय? (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : दादा, तुमची त्वचा नाजूक नसावी, धुऱ्यावरचं गाजर गवत असावं. पोळा ते दिवाळी हा त्याच्या फुलोऱ्याचा भर. झाडाचे सूक्ष्म कण आणि वाळका भुगा वाऱ्याने अंगावर बसतात आणि ज्याला त्याची ॲलर्जी जडली त्याला उघड्या अंगावर इसब उठतो.

आरशात एक गोष्ट पाहा. उन्हाने होणारा त्रास वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा आणि कानामागची जागा सोडतो, कारण तिथे सावली असते. हवेतून येणारी ॲलर्जी नेमकी तिथेही बसते, सावली असो की नसो. तुमच्या पापण्या सुजत असतील आणि हनुवटीखालीही लाल असेल, तर संशय पक्का धरा. खात्री पॅच टेस्टने होते : पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून वाचतात, मग एक-दोन दिवसांनी पुन्हा वाचतात. मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात विचारा. पट्ट्या लावल्यावर तीन-चार दिवस पाठ ओली करायची नाही, तेव्हा वावरात काम कमी असेल ते दिवस निवडा.

मुलीची क्रीम भडकली यात तिचा दोष नाही. कॅलेंड्युला आणि कॅमोमाइल ही गाजर गवताच्याच कुळातली, झेंडू, शेवंती आणि सूर्यफूलही. ज्याला एकाची ॲलर्जी त्याला दुसऱ्याची असू शकते. डब्यावर 'सौम्य' लिहिलं म्हणून सगळ्यांना सौम्य होत नाही. तुम्हाला साधं पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिनचं बिनवासाचं मलम. ॲक्टिव्ह सीरम कोणतंच नको.

गवत तुम्ही स्वतः उपटू नका आणि जाळूही देऊ नका. फुलावर येण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणी हातमोजे घालून उपटावं. वावरातून आल्याबरोबर अंघोळ, कपडे बाहेरच उतरवून वेगळे धुवायचे. गळ्यातला शेला रोज धुवायचा, भुगा त्यातच साचतो. दुर्लक्ष केलंत तर पुढे हे बारमाही होतं.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा. कपाळावर आणि गालावर मुरूम. बेंझॉइल पेरॉक्साइड आणलं तर चेहरा सोलला आणि नवा टॉवेल पांढरा पडला. औषध खोटं आहे का? (उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : खरं आहे, म्हणूनच टॉवेल पांढरा पडला. ते रंग उडवतं. त्याला पांढरा टॉवेल आणि पांढरी उशीची खोळ द्या.

सोललं ते बहुधा ५ किंवा १० टक्क्यांचं असल्याने. २.५ टक्क्यांचं मुरमांवर जवळपास तेवढंच काम करतं आणि जाळतं कमी. चेहरा बरा झाला की एकाआड एक संध्याकाळी, हरभऱ्याएवढं, मुरूम येतात त्या सगळ्या भागावर लावा, ५ मिनिटं ठेवा आणि धुवा, वर मॉइश्चरायझर. दोन आठवड्यांनी १० मिनिटं. एवढ्यावरही काम होतं, रात्रभर ठेवायची गरज नाही. महिनाभराने फरक नसेल तर डॉक्टर अडापलीन ०.१ टक्के (रेटिनॉलच्या कुळातलं मलम) जोडतील. त्याची सुरुवात आर्वीच्या प्रश्नात सांगितलेल्या रेटिनॉलसारखीच. आणि कपाळावरचे मुरूम पाहून एक विचारावंसं वाटतं : केसांना खोबरेल थापून झोपतो का? तसं असेल तर तेल शाळेला सुट्टीच्या दिवशी, धुण्याआधी तासभर.

प्रश्न : संत्र्याच्या सालीची पूड आणि लिंबाचा रस, हे नैसर्गिक व्हिटॅमिन सी नाही का? (वरुड, जि. अमरावती)

उत्तर : नाही. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे नुसतं ॲसिड, तेही न मोजलेलं. वर लिंबाच्या सालीतले आणि रसातले काही घटक उन्हात त्वचा भाजतात, एक-दोन दिवसांनी फोड आणि मग महिनोन्महिने काळे ओघळ. सालीच्या पुडीतलं तेल हवेने जुनं होतं तसं ॲलर्जी करतं, आणि पुडीचे कण घासतात ते वेगळंच. संत्री खाण्यासाठी उत्तम, त्यातही मृग बहाराची.

प्रश्न : तिसरा महिना लागलाय. मुरमांसाठी अडापलीन लावत होते, आता भीती वाटते. (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : आजपासून बंद करा, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा की इतके दिवस लावलं होतं. चेहऱ्यावर लावलेलं अडापलीन रक्तात फारच थोडं जातं, तेव्हा घाबरून झोप उडवू नका. पण गरोदरपणात रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अडापलीन ही सगळी भावंडं नकोत. मुरूम आणि डाग दोन्हींसाठी अझेलेइक ॲसिड या दिवसांत चालतं, आठवड्यातून तीन रात्री १० टक्क्यांपासून, आधी कानामागे सात दिवस. या दिवसांत त्वचा एरवीपेक्षा लवकर चिडते, म्हणून पहिला महिना लावून अर्ध्या तासाने धुवा.